नत्थूजीचा काळा मसाला

नत्थूजी कोंबड्यासारखा चालायला लागला तेव्हा वाडीतल्या लोकांना आधी हसू आलं. त्याच्या टाचा जमिनीला टेकायच्याच नाहीत. कोपरं बाहेर काढून, चवड्यांवर तोल सांभाळत तो रस्ता ओलांडायचा आणि कोणी मागून हाक मारली की वळता वळता पाठीवर पडायचा. ट्रकवाले विचारत, "काय गा, सकाळीच लावली काय?" नत्थूजीने जन्मात दारूला बोट लावलं नव्हतं. हे त्याच्या बायकोला, सत्यवतीला, प्रत्येकाला थांबवून सांगावंसं वाटे. तोवर हसणारे पुढे गेलेले असत.

त्याचा धंदा संपलेल्या सेलांचा. छप्पन साली दीक्षा घेतली आणि त्याच्या घराने मेलेली ढोरं ओढायचं काम कायमचं सोडलं. पुढे ट्रान्झिस्टर घरोघरी आले, आणि घरोघरी त्यातले सेल मरू लागले. ते कोणालाच नको असत. नत्थूजी पोतं घेऊन दारोदार फिरे. "ढोरं सुटली, आता सेल ओढून राहिलो," असं म्हणून स्वतःच हसे. घरी उंबऱ्याशी बसून तो हातोडीने सेल फोडी. जस्ताचं कवच भंगारवाल्या ताराचंदकडे जाई. आतल्या काळ्या भुकटीला सगळे मसाला म्हणत. तो ती चाळून डब्यात भरी आणि मागेल त्याला फुकट देई. बाया ती शेणात कालवून भिंतीच्या कडेने काळा पट्टा ओढत. सारवलेली जमीन उठून दिसे. शाळेचे फळेही त्यानेच काळे होत. आपल्या हातून काही वाया जात नाही, याचा त्याला अभिमान होता. वर्षानुवर्षं तो भुकटी चाळत होता आणि श्वासाबरोबर आत घेत होता.

सत्यवती त्याला शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर तरुण होता, घाईत नव्हता. त्याने कामाचं विचारलं, हात पुढे करायला लावले, मग बराच वेळ नत्थूजीचा चेहरा पाहत राहिला. तो चेहरा आता हलत नसे. रडू आलं तरी डोळे तेवढे गळत, बाकी सगळं जागच्या जागी.

"ही भुकटी मेंदूपर्यंत गेली आहे, बाई," डॉक्टर म्हणाला. "गेलेलं परत येणार नाही. उरलेली तरी घरातून काढा."

"काढून कुठं टाकू, साहेब?"

"पाण्यापासून लांब. वस्तीपासून लांब," डॉक्टर एवढंच बोलला, तेही टेबलाकडे पाहत.

सत्यवती डबे डोक्यावर घेऊन तशी जागा शोधत फिरली. नाल्यापलीकडे विहीर, विहिरीपलीकडे संत्र्याचा बगीचा, पुढे ट्रान्सपोर्टची गोदामं, गोदामांमागे पुन्हा झोपड्या. वस्ती संपतच नव्हती. शेवटी ती सेल विकणाऱ्या दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, "मुडदा परत घेते काय कोणी, बाई?" गिऱ्हाइकं हसली. तिने डबे घरी आणले, झाकणांवर फडकी बांधली आणि माळ्यावर मागे सारले.

जयंती जवळ आली तशा बाया मसाला मागायला येऊ लागल्या. ती नाही म्हणे. शेजारची सुभद्रा दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काहून वं, आता भाव खाऊन राहिली काय?"

"जहर आहे ते, सुभद्रा. यायले पाहून नाही राहिली काय?"

"आमच्या घरी पट्टा नाही काय? कोणाले काय झालं? नत्थूजीले लकवा मारला अन् तू मसाल्यावर आळ घेऊन राहिली."

ती फणकाऱ्याने गेली. सत्यवतीही गोदामात कामावर गेली.

दिवस कलताना ती परतली तर दारातच ताज्या शेणाचा वास आला. खोली सारवलेली होती. चारी भिंतींच्या कडेने काळा पट्टा ओढलेला होता, सरळ, चकचकीत. नत्थूजी खाटेवर बसला होता.

"सुभद्रानं सारवून देल्लं," तो बारीक आवाजात म्हणाला. "म्हणे, सत्यवतीले फुरसत कुठं. डबे तिनंच खाली काढले. बाकीचा मसाला वाटून टाकला म्या. सगळ्या बाया घेऊन गेल्या."

"अन् मले विचारलं नाही?"

"आजपर्यंत कोणाले नाही म्हटलं काय म्या?"

सत्यवती बाहेर आली. ओळीने सगळ्या दारांत काळे पट्टे वाळत होते. सुभद्रा ओट्यावरून ओरडली, "पाय नको ठेवू वं इकडं, ओलं आहे!" तिच्या आवाजात सकाळचं भांडण उरलेलं नव्हतं.

सत्यवतीने खुरपं घेतलं आणि कोपऱ्यात बसली. तिथे सारवण पातळ होतं, वाळलं होतं. पहिल्याच फटक्याला काळी धूळ उठली आणि दारातून येणाऱ्या उन्हात तरंगत राहिली. नत्थूजी खोकला. तिचा हात थांबला. ओलं करून खरवडावं तर ते पाणी मोरीतून नाल्यात, नाल्याच्या कडेला विहीर. राहू द्यावं तर उद्या केरसुणी फिरणारच, इथे आणि प्रत्येक घरात.

"साजरं दिसून राहिलं ना वं?" त्याने विचारलं.

ती भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"हो जी," ती म्हणाली, "साजरं दिसते."