राहिलेला तुकडा

दोन जावा एकमेकींशी धड बोलतात हेच आमच्या नातेवाइकांना पचत नाही. त्या दोघी रविवारी घरचं सगळं टाकून डोंगरात जातात, हे तर त्यांनी कधी गिळलंच नाही. "एकमेकींना ढकलून द्यायला जात असतील," असं माझी एक चुलत सासू म्हणालेली. तिच्या तोंडाला कोण लागणार?

मोठ्या दिरांची बायको, म्हणजे माझी जाऊ, कळव्याला राहते. मी डोंबिवलीला. नवरा त्यांना वहिनी म्हणतो म्हणून मीही वहिनीच म्हणते. एका दिवाळीत फराळाला सगळे जमलेलो, तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "कसाऱ्यापासून कर्जतपर्यंत सह्याद्रीच्या कड्याखालून चालत जाता येत असेल का गं?" सगळे हसले. मला मात्र हातातल्या चकलीचा विसर पडला.

सलग जायला वेळ कुणाकडे होता? मी बँकेत, त्या शाळेत शिक्षिका. म्हणून तुकड्यातुकड्याने जायचं ठरलं. या वेळी जिथे थांबू, पुढच्या वेळी नेमकं तिथूनच निघायचं. मधलं एक पाऊलही गाडीने जायचं नाही, रेघ तुटता कामा नये, हा माझा हट्ट. भल्या पहाटे कल्याणच्या स्टँडवर भेटायचं, एसटीने एखाद्या गावात उतरायचं आणि वर पदरात चढायचं. वरचा कडा आणि खालची गावं यांच्यामध्ये जंगलाची जी पट्टी असते तिला पदर म्हणतात. त्या पदरातून दिवसभर चालायचं. माणूस क्वचित दिसायचं. कारवीचं रान, मोरांचे आवाज, दुपारी एखाद्या ओढ्याकाठी भाकरी आणि ठेचा. मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे "आई, माझा चार्जर कुठंय" नाही. सोमवारी काउंटरवर बसले की पोटऱ्या ठणकायच्या आणि मी गालातल्या गालात हसत असायचे. इतकं सुख मला दुसऱ्या कशातच मिळालेलं नाही, खरं सांगते.

थांबायची जागा पुढच्या वेळी सापडावी म्हणून वहिनी तिथल्या एखाद्या ठसठशीत दगडाला कुंकू लावून ठेवायच्या. पर्समध्ये कुंकवाची डबी असतेच, वेगळं काही न्यायला नको, हा त्यांचा हिशोब. एकदा मुरबाडच्या वरच्या अंगाला आम्ही खुणेच्या दगडापाशी परत गेलो, तर दगडाला शेंदूर फासलेला, पुढ्यात फोडलेला नारळ, बाजूला झेंडूची फुलं. आमची खूण देव झालेली. मी हसून हसून खाली बसले. वहिनींनी मात्र चप्पल काढावी तसे बूट काढले, हात जोडले आणि म्हणाल्या, "आता इथे कुणी नवस बोललं असेल तर त्याला पाव बाबा." त्यानंतर कुंकू बंद झालं. फांदीला चिंधी बांधायला लागलो.

माझा मुलगा हिमालयात जातो. त्याच्या जॅकेटच्या किमतीत आमच्या दोघींचे चार वर्षांचे बूट येतील. तो एकदा जेवताना म्हणाला, "आई, रविवारी जायचं आणि सोमवारी ऑफिस गाठायचं, याला ट्रेक नाही म्हणत. ईएमआय म्हणतात. ॲडव्हेंचर म्हणजे जिथून परत यायची गॅरंटी नसते."

"मग तू आलास कशाला परत? आणि आलायस तर भात घे," मी म्हटलं. पण ते लागलं. लागलं, कारण मलाही आतून तसंच वाटायचं. मला उंचीची भीती नाही, अंधाराची नाही, सापाची तर नाहीच. लहानपणी चाळीच्या कठड्यावरून चालायचे म्हणून मी आईचा मार खाल्लाय. आणि डोंगरात मला जोडीदार कोण मिळाली, तर प्रत्येक पाड्यात थांबून वाट विचारणारी बाई. मी दोन शब्दांत विचारून पुढे निघायला बघणार, तर या ओट्यावर बसून चहा घेणार. मग पुढे वाट कशी आहे, रुंद आहे का, धरायला झाड आहे का, बाया जातात का, सरपण घेऊन जातात का, अशी सगळी उलटतपासणी. जरा कुठे वेडंवाकडं दिसलं की "शिर सलामत तो पगडी पचास" म्हणून परत फिरणार. इतकी वर्षं चाललो, पण साधं खरचटल्याची गोष्टसुद्धा आमच्याकडे सांगायला नव्हती. याला साहस म्हणायचं कसं, हा प्रश्न मला खरोखर पडायचा.

त्यातच तो तुकडा राहिला.

एका ठिकाणी पदर संपतो आणि वाट कड्याला चिकटून आडवी जाते. डाव्या हाताला काळा कातळ, उजव्या हाताला दरी. आम्ही पहिल्यांदा तिथे पोचलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, वर आग्यामोहोळ दिसतंय. फिरलो. दुसऱ्या वेळी गवत ओलं होतं. तिसऱ्या वेळी त्यांच्या बुटाचा सोल सुटायला आलेला, मला तरी तो चांगला घट्ट दिसत होता. परतीच्या एसटीत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. माझ्या नाकावर राग असतो, हे अख्ख्या खानदानाला माहीत आहे. शेवटी पलीकडच्या गावातून चढून पुढची वाट धरली आणि यथावकाश कर्जतला पोचलोसुद्धा. स्टेशनबाहेर वडापाव खाल्ला, फोटो काढला. पण रेघेत मधेच तेवढं भोक राहिलं. मला ते रात्रंदिवस खुपायचं.

आणि या हिवाळ्यात कळलं की भाऊजी आणि वहिनी कायमचे बंगळुरूला लेकीकडे चाललेत. नातू लहान, लेकीची नोकरी. होळीनंतर निघायचं. घरात सामान बांधायला सुरुवातही झालेली. मी फोन केला. "वहिनी, तो तुकडा."

त्या म्हणाल्या, "येते. पण तुझ्यासाठी."

आम्ही त्या आडव्या वाटेपाशी पोचलो तेव्हा ऊन छान पडलेलं. मोहोळ नव्हतं, गवत वाळलेलं, बूट नवे. एकही सबब शिल्लक नव्हती. वहिनी कातळाला टेकून खाली बसल्या. चेहरा पांढराफटक.

"मला उंचीची भीती वाटते," त्या म्हणाल्या. "आज नाही, पहिल्यापासून."

मला काही कळेना. "पहिल्यापासून म्हणजे? आपण इतके कडे, इतक्या घळी..."

"सगळीकडे वाटली. आदल्या रात्री झोप लागायची नाही. तुला काय वाटलं, गावागावात मी चौकशा करते त्या वेळ जात नाही म्हणून?"

"मग यायचात कशाला?"

"आवडायचं म्हणून. हे रान आवडायचं. आणि दुसरं कोण नेणार होतं मला?"

एकाच घरात सून म्हणून आलेली बाई, जिच्याबरोबर मी अख्खा सह्याद्रीचा पदर तुडवला, तिच्या पोटातलं मला एवढंही ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, जाऊ दे, चला परत, मरू दे तो तुकडा. मनापासून म्हटलं.

"तू जा," त्या म्हणाल्या. "तुझा तरी पुरा होऊ दे. मी इथे बसते."

मग मी गेले. काय सांगू, वाट बैलगाडीची नव्हती, पण दोन माणसं शेजारून जातील एवढी होती. मधोमध ताजं शेण पडलेलं. म्हणजे रोजची म्हशींची ये-जा. गाणं गुणगुणत मी पलीकडे पोचले. इतकी वर्षं खुपणारा तुकडा पायाखालून गेला आणि मला काहीसुद्धा वाटलं नाही. आनंद नाही, थरार नाही. रस्ता ओलांडल्यासारखं झालं.

मागे वळून पाहिलं, तर वहिनी उठलेल्या.

त्या उभ्याने आल्याच नाहीत. तोंड कातळाकडे करून खाली बसल्या आणि बसल्याबसल्या सरकायला लागल्या. एक हात कातळावर, एक हात गवताच्या मुळाशी. मधेच थांबायच्या, डोळे मिटायच्या, ओठ हलायचे. इथे म्हशी जातात हे मला माहीत होतं, पण वहिनी घाबरून दचकल्या तर? हात सुटला तर? भाऊजींना काय तोंड दाखवू? भीती म्हणजे काय हे मी तोवर फक्त ऐकलेलं. मला ओरडायचं होतं की थांबा, मी येते, पण ओरडले तर त्या दचकतील म्हणून तोंडावर हात दाबून उभी राहिले. देव आठवला. मुलगा म्हणतो ते थ्रिल हेच असेल, तर कुणाच्या वैऱ्यालाही नको.

त्या आल्या. शेवटच्या हातभर अंतरावर मी त्यांना दंडाला धरून ओढूनच घेतलं. शेणाने माखलेली सलवार, तळव्यांना खरचटलेलं, आणि चेहऱ्यावर असं हसू की नातू झाल्याचं कळलं तेव्हाही मी पाहिलं नव्हतं.

"झालं गं," त्या म्हणाल्या. "पुरं झालं."

त्या घटाघटा पाणी प्यायल्या. मग शेंगदाण्याचा लाडू काढला, अर्धा मला दिला. लेकीला फोटो पाठवायचा म्हणून मला कडा पाठीमागे घेऊन फोटो काढायला लावला, आणि दरीकडे एकदासुद्धा न बघता पोझ दिली. माझा मुलगा विचारेल, तिथे धोका तरी होता का? नव्हता. म्हशींना विचार. पण त्या बाईने तिथे केलं ते साहस नव्हतं असं म्हणणाऱ्याला माझ्यासमोर उभा करा, मग मी बघते. धोका माझ्यासमोर कितीदा आला असेल आणि मी त्याच्याकडे न बघता पुढे गेले असेन. त्यात माझं काय कर्तृत्व? जन्मताच भीती दिली नाही देवाने, एवढंच.

उतरायची वाट सोपी होती. सागाची पानं पायाखाली वाजत होती, खाली गावातला कोंबडा ऐकू येत होता. वहिनी पुढच्या महिन्याचं बोलत होत्या, बंगळुरूला कोकम मिळतं का, लेकीच्या घरी देव्हारा कुठे ठेवायचा. मी त्यांचा हात धरलेला तो सोडलाच नव्हता. सपाटीला लागलो तरी सोडला नाही.

"अगं, आता कशाला धरलायस?" त्यांनी विचारलं. "इथे काय पडणारे मी?"

"तुमच्यासाठी नाही धरलेला," मी म्हटलं. "मला भीती वाटतेय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गाव येईपर्यंत हात तसाच राहू दिला.