डावीकडे वळताना येणारा आवाज

गाडीला काही झालं की आधी बाबांना सांगायचं, ही आमच्या घरची रीत होती. बाबांनी तीसेक वर्षं मोताळा ते धामणगाव बढे जीप चालवली. शाळा चौथीपर्यंत. पण कान असा की दुसरे जीपवाले मुद्दाम आमच्या दारावरून गाडी नेत. बाबा चहाची बशी हातात घेऊन ओट्यावर बसलेले असत आणि गाडी पुढे जाता जाताच सांगत, "मागचा ड्रम घासून राह्यला बे, खोलून पाह्य." खोलल्यावर तसंच निघे.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. बी.एस्सी., बी.एड. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. चिखलीला शाळेत विज्ञान शिकवते आणि स्वतःच्या पगारातून घेतलेली गाडी, जुनी का असेना, स्वतः चालवते. बाबा आता माझ्याकडेच राहतात. गेल्या दोन वर्षांत त्यांचे कान गेले. मशीन आणलं, ते डबीतच आहे. "त्याच्यात माणूस पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा वाटते," म्हणतात. एकेक गोष्ट चारदा ओरडून सांगावी लागते, म्हणून आम्ही हळूहळू त्यांना काही विचारेनासे झालो. जेवलात का, गोळी घेतली का, एवढंच. ते खिडकीशी बसून रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या बघत. नुसत्या बघत. ते मला दिसत होतं, पण त्यावर काय करायचं ते सुचत नव्हतं.

अशात माझ्या गाडीच्या पुढच्या अंगाला आवाज सुरू झाला. चाळीसच्या वर गेलं की घूंऽऽ, जात्यासारखा. मी बाबांना सांगितलं नाही. ऐकू येत नाही म्हटल्यावर त्यांना उगाच वाईट वाटेल, असं मी स्वतःला समजावलं. त्याऐवजी एक कागद केला. कोणत्या वेगाला आवाज येतो, ब्रेक दाबल्यावर काय होतं, वळताना काय होतं. ब्रेक दाबला तरी आवाज बदलत नव्हता, म्हणजे ब्रेक नाही. डावीकडे वळताना वाढत होता, उजवीकडे वळताना कमी होत होता. म्हणजे डाव्या चाकाचं बेअरिंग. मला फार बरं वाटलं. शिकलेल्या माणसाचं काम असंच असतं.

कागद घेऊन गॅरेजवाल्या मिस्त्रींकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, एक बार जॅकवर घेऊन पाहू द्या."

"मला शाळेत जायचंय चाचा. सगळं तपासलंय मी. डावंच आहे."

"तुम्ही म्हणता तर डावं," म्हणाले, आणि बदलून दिलं.

दुसऱ्या दिवशी चाळीसच्या वर गेले. घूंऽऽ.

त्याच आठवड्यात बाबांना घेऊन धामणगावला निघाले. आत्याकडे नातवाचं बारसं होतं. बुलढाणा मागे पडलं, घाट उतरलो, मोताळ्याकडचा सरळ रस्ता लागला, तसा बाबांनी दारावर तळहात टेकवला. मग डॅशबोर्डवर. मग पायातली चप्पल काढून पाय खाली पत्र्यावर ठेवला.

"कवापासून हाय हे?"

"काय?"

"चाकाचं."

मी नजर रस्त्यावरच ठेवली. ते माझ्याकडेच बघत होते.

"मले काऊन नाही सांगतलं?"

"तुमाले ऐकू येत नाही ना, बाबा." हे मला ओरडूनच म्हणावं लागलं, नाहीतर तेही ऐकू गेलं नसतं. एवढ्या मोठ्यानं म्हटलेलं ते वाक्य गाडीत तसंच राहिलं.

बाबांनी पत्र्यावरचा पाय उचलून चप्पल घातली. मग म्हणाले, "गाडी बाजूले घे."

निंबाच्या सावलीत गाडी लावली. मी पर्समधून कागद काढून सगळा मोठ्यानं वाचून दाखवला. कोणतं बेअरिंग बदललं तेही सांगितलं. बाबांनी नीट ऐकून घेतलं.

"कागद बरोबर हाय तुह्या. चाक चुकलं."

"कसं?"

"तुले आठवते, जीपमधी माह्या उजव्या हाताले अजून एक माणूस बसे. अर्धा आत, अर्धा बाहेर. गाडी डावीकडं वळली का तो कुठी जाये?"

आठवत होतं. डाव्या वळणावर तो माणूस बाहेर फेकला जायचा आणि बाबा एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानं त्याची कॉलर पकडत.

"बाहेर. उजवीकडं."

"मंग सगळं वजन कोनत्या चाकावर येते?"

हे मी दर वर्षी नववीला शिकवते. बसचं उदाहरण देऊन शिकवते. फळ्यावर बाण काढते.

"उजव्या," मी म्हटलं.

"हाव. शिकवतं काय मंग पोराईले?" आणि हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला असं चिडवलं.

तिथंच जॅक लावला. बाबांनी चाकावरच्या स्प्रिंगवर बोटं ठेवली आणि मला उजवं चाक हातानं फिरवायला लावलं. मग माझी बोटं धरून तिथं ठेवली. आत बारीक वाळू दळली जावी तशी करकर बोटांना लागत होती. कानाला काहीच नाही.

"हळूहळू चाल. बारशाले पोचू, मंग चिखलीले जाऊन बदलू."

परत आल्यावर मिस्त्रींनी उजवं बेअरिंग काढलं. खराब निघालं. माझ्या घाईमुळे काढलेलं डावं त्यांनी डब्यातून शोधून बाबांच्या हातात दिलं. बाबांनी ते बोटावर फिरवून मला परत दिलं. "ठेव. चांगलं हाय. कामी येईन."

गेल्या रविवारी मिस्त्रींचा फोन आला. एका जीपचा आवाज सापडत नव्हता. "मॅडम, बाबाले घेऊन येता का?"

बाबांना सांगितलं. चारदा सांगावं लागलं. ते उठले, टोपी घातली, दाराशी थांबले आणि मागे वळून म्हणाले, "कागद घे. आवाज कसा हाय ते तू ऐकजो. हात मी लावतो."