नोकरीतला खंड

अक्षर वाकडंतिकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील. चौथीनंतर लिहायची वेळ फारशी आलीच नाही. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मी बरीच वर्षं तात्पुरती मदतनीस होते. मला कायम करेपर्यंत धाकटी जाऊ थेट कायम म्हणून लागली. पुढं जुनी म्हणून मला स्वयंपाकीण केलं आणि वर्षभरात पत्र आलं. तात्पुरती वर्षं धरता येत नाहीत, म्हणून जाऊ ज्येष्ठ. माझी बढती तिला, आणि मला जास्त दिलेला पगार दर महिन्याला कापणार.

मुलांना वाढण्याआधी आमटीची चव स्वयंपाकीण घेते. तो चमचा जाऊकडे गेला. घरी मी थोरली, तिथं धाकटी.

"मीठ मी बघू का जाऊबाय, का तुमी बघता?" ती हसत विचारायची. मला बसवत नसे. घासलेलं पातेलं मी परत घासायचे.

वसतिगृहाच्या बाईंनी मला अर्ज लिहून दिला. चौकशीला साहेब आले. म्हणाले, "तुमच्या तात्पुरत्या नोकरीत खंड दिसतो."

खंड म्हणजे जमीनमालकाला द्यायचं भात, एवढंच मला ठाऊक. म्हटलं, "साहेब, आमची जमीनच न्हाय."

ते हसले. "अहो, खंड म्हणजे मध्ये नोकरी तुटली. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही घरीच असणार."

सुट्टीत मी तिथंच असायचे. धान्याला ऊन दाखवायचं, निवडायचं, पगारही मिळायचा. पण साहेबांना आगरदांड्याची बोट गाठायची होती, ते सारखे घड्याळ बघत होते.

शेगडीजवळून जाऊ बोलली, "घरी? सासूचं आजारपण, ह्यांची पोरं, सगळं माझ्या अंगावर टाकून ह्या इथं तांदूळ निवडत बसायच्या. विचारा गावात कोनालाबी."

साहेबांनी ते लिहून घेतलं. ती कळून बोलली की रागात, हे मला अजून विचारवत नाही.

पुढं निकाल आला. जाऊच्या बोलण्यावरून खंड नाही असं ठरलं, तात्पुरती वर्षं धरली. चमचा परत माझ्याकडे आला, पण चव घेताना माझं लक्ष तिच्या पाठीकडे जातं. ती भांडी घासते आणि मान न वळवता म्हणते, "खारट न्हाय ना?"

मी नाही म्हणते, आणि पुन्हा चाखून बघते.

कापलेला पगार परवा खात्यात परत आला, सगळाच्या सगळा.