सिंकला भरवलेली नाचणी

गाव सोडलं त्या सकाळी वस्तीची एसटी देवळापाशी घुरघुरत उभी होती आणि आये माझ्या हातात एक पिशवी कोंबत होती. पिशवी आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, निळ्या चौकड्यांच्या जुन्या शर्टाची, तिनेच हाताने शिवलेली. एका बाजूला शर्टाचा खिसा अजून तसाच. आत नाचणीचं सत्त्व. ते करायला तिला चार दिवस लागले होते. त्या चार दिवसांत मी आरशापुढे उभा राहून मुंबईत भांग कुठल्या बाजूला पाडावा हे ठरवत होतो.

"भूक लागली तर वायच पेज करून घे," ती म्हणाली. "मुंबयत तुका कोण करून घालूक बसला नाय."

आबांनी फक्त पिशवीकडे पाहिलं. शर्ट त्यांचाच होता.

मी बावीस वर्षांचा, बीकॉम, सेकंड क्लास. नाचणी म्हणजे माझ्या लेखी आमच्या अख्ख्या वाडीच्या मागासलेपणाचा रंग होता, तपकिरी. मुंबईत काकांच्या दारात ही पिशवी घेऊन उभं राहायचं या कल्पनेनेच मला घाम फुटला. दोन वळणं गेल्यावर मी ती पायाने सीटखाली ढकलली आणि कणकवलीला मोकळ्या हाताने उतरलो. विसरलो नव्हतो. नीट, आतपर्यंत ढकलली होती.

आठवड्याने तिने फोनवर विचारलं, "सत्व संपला काय?"

"संपलं गं. काकांकडे सगळ्यांना आवडलं."

वाडीत राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं चारकोप, मुलुंड, नाहूरला येऊन चिकटलेल्यांनो, हे तुम्हा दोघांसाठी लिहितो आहे. जे राहिले ते आम्हाला चाकरमानी म्हणत मनातल्या मनात हसतात. जे आले ते मे महिन्यात नवे बूट घालून गावी जातात, डासांबद्दल तक्रार करतात आणि परतताना फणसासोबत फोटो काढतात. दोघांबद्दलही मला फारसा आदर नाही. स्वतःबद्दल त्याहून कमी आहे, त्यामुळे कुणी मनाला लावून घेऊ नये.

पंधरा वर्षं गेली. चारकोपला काकांच्या खोलीत आम्ही सहा जण झोपायचो. आता नाहूरला एकोणिसाव्या मजल्यावर आम्ही तिघं राहतो आणि खिडकीत रुमाल वाळत घातला तरी सोसायटीची नोटीस येते. बायको रूपाली घाटकोपरची, बँकेत आहे. मुलगी शर्वरी, म्हणजे शर्वू. शर्वू सहा महिन्यांची झाली आणि डॉक्टरबाईंनी तिला काट्यावर ठेवून ओठ जरा बाजूला नेले.

"वजन थोडं मागे आहे," त्या म्हणाल्या. "घाबरू नका. आईचं दूध चालूच ठेवा, पण आता वरचं खाणं नीट सुरू करा. महिन्याने बघू. काटा हलला नाही तर तपासण्या लिहून देईन."

रूपाली घरी येईपर्यंत शर्वूचं मनगट दोन बोटांत धरून बसली होती. ते मनगट खरंच बारीक होतं. त्याच आठवड्यात तिची रजा संपत होती. माझं काम घरून, कंटेनर कुठल्या बंदरात अडकले ते बघत बसायचं. म्हणजे भरवायचं मी.

सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आम्ही डब्यातलं दिलं. रूपाली काय मेली?" शास्त्रीय चर्चा तिथेच संपली.

मग मला सोसायटीतल्या आईबापांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेण्यात आलं. ग्रुपचं नाव 'हॅपी टमीज'. तिथे कुणी मुलाला भरवत नाही, सगळे 'फूड जर्नी'वर असतात. एकीने लिहिलं होतं की तिच्या बाळाचं रताळ्याशी 'नातं तयार होतंय'. एक गृहस्थ रोज बाळाच्या शीचा रंग कळवायचे, आणि त्याला अंगठे मिळायचे. सगळ्या हयातीत कुणी माझ्या कुठल्याच कामाला इतके अंगठे दिलेले नाहीत.

त्यांचं ऐकून मी वाफवून वाटणारं यंत्र आणलं. ॲव्होकाडो आणला. शर्वूने तो जिभेने बाहेर ढकलला. ब्रोकोली ढकलली. भोपळा, सफरचंद, सगळं ढकललं. नको असलेली वस्तू नीट, शांतपणे दूर ढकलायची कला तिच्यात कुठून आली हे मला तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

आये नातीसाठी रोज फोनवर म्हणायची, "सत्व धाडू काय चेडवाक?"

"नको गं. इथे सगळं मिळतं. आणि डॉक्टर नको म्हणतात." डॉक्टरबाई असलं काहीही म्हणाल्या नव्हत्या. पण पहिल्या पिशवीची थाप पचली होती, दुसरी सोपी गेली.

मग एका सकाळी ग्रुपवर कुणीतरी 'मिलेट पॉरिज'चा फोटो टाकला. काचेची बरणी, सुतळीची गाठ, वर इंग्रजीत लिहिलेलं की हे प्राचीन सुपरफूड आहे. आत नाचणी. माझं डोकंच फिरलं. जो पदार्थ मी सीटखाली ढकलला तो हे लोक बरणीत घालून मलाच शिकवणार? मी लिहिलं, 'आमच्या कोकणात हे पिढ्यान्‌पिढ्या घरी करतात. मी करून दाखवतो.' अंगठे आले. हृदयंसुद्धा आली.

रूपालीने वाचलं. "तुला नक्की येतं का रे?"

"अगं, रक्तात आहे."

"रक्त राहू दे. कधी केलंयस?"

"लहानपणापासून बघतोय."

बघत होतो हे खरं. नाचणी भिजवली. फडक्यात बांधून मोड काढले. यंत्रात पाण्याबरोबर वाटली, ती तेवढी एकदाच त्या यंत्राची लायकी निघाली. नव्या पंच्यातून पिळून गाळली. तपकिरी दूध पातेल्यात झाकून ठेवलं. इथपर्यंत आयेनेसुद्धा नाव ठेवलं नसतं. चार-पाच तासांनी झाकण काढलं, तर वर निवळ पाणी आणि तळाला चिकट, मातीच्या रंगाचा थर.

आता माझ्या आठवणीत आयेची दोन पातेली आहेत. एक सत्त्वाचं. दुसरं पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ यायचं तेव्हाचं. त्यात ती तुरटी फिरवायची, मग पाणी निवळायचं, वरचं अलगद कळशीत ओतून घ्यायची आणि खालचा गाळ माडाच्या मुळात फेकायची. ही दोन पातेली माझ्या डोक्यात केव्हा एक झाली, देव जाणे. पंधरा वर्षं गावाच्या नावाने छाती फुगवणाऱ्या माणसाला गावातली दोन भांडी वेगळी ओळखता आली नाहीत.

मी वरचं पाणी अलगद ओतून घेतलं. खालचा थर उलथन्याने खरवडून सिंकमध्ये टाकला. बराच होता. जाताना सिंक तुंबला, तेव्हा तारेने ढोसला. मग ते पाणी उकळून त्यात किंचित गूळ घातला.

आणि शर्वू प्यायली. मिटक्या मारत, चमच्यामागून तोंड पुढे करत. मी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. दुपारपर्यंत मी 'नाचणी डॅड' झालो होतो. दोन घरांनी कृती मागितली आणि मी ती दिली, पायरी-पायरीने, 'खालचा गाळ न विसरता काढून टाकावा' या वाक्यासकट.

मी तीन आठवडे इमानेइतबारे हा उद्योग केला. शर्वू खूश, मी खूश. मधूनच रूपाली म्हणायची, "मनगट तसंच वाटतंय रे," आणि मी तिला सांगायचो की गावठी अन्न आतून काम करतं.

काटा हलला नव्हता. म्हणजे अगदीच नावापुरता हलला होता, तोही बहुधा लंगोटामुळे. डॉक्टरबाईंनी पेन उघडलं. "काय काय देता?"

मी सगळी कृती सांगितली, अभिमानाने. मोड, पंचा, पिळणं, निवळणं.

"आणि खाली बसतं ते?"

"ते टाकून देतो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कुठे?"

"सिंकमध्ये."

"म्हणजे गेले तीन आठवडे तुम्ही सिंकला नाचणी भरवताय," त्या म्हणाल्या, "आणि मुलीला गुळाचं पाणी. तेही वर्षाच्या आत, जेव्हा गूळ द्यायचाच नसतो. गाव कुठलं तुमचं?"

मी गाव सांगितलं. त्या मान हलवत म्हणाल्या, "तिथे कुणी आहे का अजून, विचारायला?" तपासण्या त्यांनी लिहून ठेवल्या, पण चिठ्ठी स्वतःच्याच खणात टाकली. आणखी तीन आठवडे दिले.

रिक्षातून उतरताना रूपाली म्हणाली, "रक्तात आहे म्हणालास ना?" आणि शर्वूला घेऊन पुढे गेली.

त्या दोन घरांना मी लगेच कळवलं. एकीने 'नो वरीज' लिहिलं. तिने माझी कृती केलीच नव्हती, नुसतंच हृदय दिलं होतं. दुसऱ्यांनी कृतीची फक्त रील केली होती, बाळाला डब्यातलंच देत होते. 'हॅपी टमीज'बद्दल त्या दिवशी मला आयुष्यात एकदाच कृतज्ञता वाटली.

मग आयेला फोन लावला. सगळं सांगितलं.

"वयला पाणी ओतून टाकूचा," ती म्हणाली, लहान मुलाला सांगावं तसं. "खाली बसता ता घेवचा. ता फडक्यार पसरून सुकवचा. तुका ह्या ठावक नाय?"

"लक्षात नव्हतं."

"चेडू उपाशी ठेवलंस, मेल्या." आणि मग, "धाडतंय. तुझा तू काय करू नको."

सहा दिवसांनी गावाकडून येणाऱ्या खाजगी बसच्या ड्रायव्हरकडून मुलुंडला पार्सल घेतलं. वर्तमानपत्र सोडलं तर आत पिशवी. निळे चौकडे, विटलेले. एका बाजूला शर्टाचा खिसा.

मी तिथेच, बसच्या बाजूला, रस्त्यावर उभा राहिलो. मागून कुणीतरी हॉर्न वाजवत असताना मी फोन लावला.

"आये, ही पिशवी..."

"तीच," ती म्हणाली. "कंडक्टर संध्याकाळी घेवन इलो. आबांचो शर्ट त्येना वळाखल्यान."

वस्तीची गाडी. सकाळी जाते, संध्याकाळी तीच परत येते आणि रात्री गावातच राहते, म्हणून तर तिला वस्तीची म्हणतात. हे मला जन्मापासून माहीत होतं. म्हणजे मी ठाण्याला पोचायच्या आधी पिशवी घरी पोचली होती. आठवड्याने आयेने फोनवर "संपला काय" असं विचारलं, तेव्हा ती तिच्या समोर खुंटीला असणार. मे महिन्यात मी घरी असलो की तेवढी खुंटीवरून उतरत असणार; मला कधी दिसली नाही. आणि मी तिला सांगत होतो की काकांकडे सगळ्यांना आवडलं.

"आबांना माहीत होतं?"

"आबांनीच घेतल्यानी ती कंडक्टराकडसून."

आबा जाऊन सहा वर्षं झाली. मरेपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. दर मे महिन्यात मला न्यायला स्टॉपवर यायचे आणि माझी बॅग उचलायचे.

"मग त्या सत्त्वाचं काय केलंस?" मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"म्हशीक घातलंय," आये म्हणाली. "तिना सगळा खाल्ल्यान. नाक मुरडूक नाय."

आयेचं सत्त्व बिनगुळाचं, पाण्यात शिजवून जरा घट्ट. पहिल्या दिवशी शर्वूने जिभेने बाहेर ढकललं. मी पुन्हा चमचा पुढे केला. तिसऱ्या दिवशी तिने दोन चमचे घेतले, दहाव्या दिवशी वाटी. तीन आठवड्यांनी डॉक्टरबाईंनी काटा पाहिला, खणातून ती चिठ्ठी काढली आणि फाडली. मला म्हणाल्या, "सिंकची तब्येत कशी आहे?"

गावाहून आलेली माणसं घराबद्दल बोलताना गहिवरतात, मातीचा वास वगैरे काढतात. मला ते ऐकवत नाही. त्यातल्या निम्म्यांनी कुठल्या ना कुठल्या सीटखाली काहीतरी ढकललेलं असतं. मला घर म्हणजे आता एवढंच वाटतं: जिथे माझी थाप माझ्या आधी पोचली, खुंटीला लटकली, आणि पंधरा वर्षं येताजाता तिच्याकडे बघूनही कुणी मला जेवायला वाढायचं थांबवलं नाही.

पिशवी आता नाहूरच्या स्वयंपाकघरात हुकाला आहे, अर्धी रिकामी. आयेने बजावलंय, संपली की परत पाठव, दुसरी शिवायला आबांचा शर्ट उरलेला नाही. पाठवणार नाही. मे महिन्यात शर्वूला घेऊन स्वतःच नेणार आहे, कणकवलीहून वस्तीच्या गाडीने. मांडीवर धरून.