मागच्या काचेवरचं स्टिकर

ग्रेचेन व्होल्कच्या गाडीला दमलेल्या पोरींचा वास यायचा. ओले मोजे, तुडवलेलं गवत, सीटखाली विसरलेल्या केळ्याच्या साली. सेंट लुइसमधल्या एका दवाखान्यात दिवसभर लोकांचे दात साफ करायचे, सुटलं की टेसाला शाळेतून उचलायचं आणि नदीपलीकडच्या फुटबॉलच्या मैदानावर नेऊन सोडायचं, असा तिचा नेम पोरगी दुसरीत असल्यापासून चालला होता. आता टेसा सतरा वर्षांची. नवरा ट्रकवर असायचा, त्यामुळे रांधणं, धुणं आणि गाडी हाकणं सगळं हिच्याच गळ्यात. परतताना टेसा डब्यातला गार पास्ता मांडीवर घेऊन खायची आणि पुलावर गाडी येईपर्यंत झोपून जायची. आईला लेकीचा जागा चेहरा कमी आणि झोपलेला चेहराच जास्त ओळखीचा होता.

मैदानाबाहेर गाड्यांच्या रांगेत बसलेल्या आया एकमेकींच्या मागच्या काचा वाचत. कुणाच्या पोरीला कोणतं कॉलेज मिळालं, ते काचेवरच्या स्टिकरवरून कळायचं. पण त्याचाही एक रिवाज होता. शाळेच्या जिममध्ये पोरीने कॉलेजची टोपी घालून, सगळ्यांसमोर शिष्यवृत्तीच्या कागदावर सही करून, केक कापून झाल्याशिवाय शहाणी बाई स्टिकर लावत नाही. तोवर सगळं बोलाचालीचंच असतं, आणि नजर लागते. ग्रेचेनला कुठला दम? गेल्या उन्हाळ्यात टेसाने कॉलेजच्या कोचला फोनवर होकार दिला आणि त्याच संध्याकाळी हिने काच पुसून स्टिकर लावून टाकलं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. बाकीच्या आया तोंडावर अभिनंदन करून गेल्या आणि मागे काय बोलायचं ते बोलल्या.

तिचंही चुकलं असं कसं म्हणावं? तिचं स्वतःचं कॉलेज वडिलांच्या आजारपणात अर्धवट सुटलं होतं. ते पुढे कधी पुरं झालं नाही, आणि ती सल जन्मभराची होती.

यंदा शाळा सुरू झाली आणि शहरातल्या व्यावसायिक क्लबचं बोलावणं आलं. टेसाचा खेळ त्यांनी वर्षभर पाहिला होता. तीन वर्षांचा करार, आतापासून मोठ्या बायकांबरोबर खेळायचं. मात्र त्या करारावर सही झाली की कॉलेजच्या संघाचं दार बंद, शिष्यवृत्तीही गेली. ग्रेचेन शहाण्या आईसारखं वागली. “तुझं तू ठरव, मी मध्ये पडणार नाही,” म्हणाली, आणि खरोखर पडली नाही. जे बोलायचं ते ती दवाखान्यात पेशंटांना सांगायची. तोंड उघडं, त्यात नळी. उलट उत्तराची भीती नाही. चेंडू आज आहे, उद्या गुडघा गेला की काय करायचं. डिग्रीला काही प्लास्टर घालावं लागत नाही. सगळ्यांनी निमूटपणे ऐकून घेतलं.

टेसा मात्र गप्प गप्प होत गेली. येता-जाता झोपेना, नुसती खिडकीबाहेर बघायची. ग्रेचेनलाही थकवा असा आला होता की विचारायची ताकद उरली नव्हती. त्यातच एका शनिवारी तिला दिसलं, स्टिकरचा एक कोपरा सुटलाय. गाडी धुवायच्या मशीनच्या ब्रशांना शिव्या घालत तिने बिनरंगाचं नेलपॉलिश आणून तो चिकटवला. पंधरवड्याने दुसरा कोपरा सुटला. तोही तिने तसाच पक्का बसवला.

थंडी पडायला लागली तेव्हाची गोष्ट. सराव संपला, टेसाने बॅग मागे टाकली आणि पुढे येऊन बसली. गाडी पुलावर आली तशी म्हणाली, “क्लबला नकार कळवला मी. काल.”

ग्रेचेनचा जीव भांड्यात पडला. इतक्या वर्षांचा शीण एका क्षणात उतरल्यासारखं वाटलं, हसूही फुटलं. त्या आनंदातच तिने विचारायला नको ते विचारलं. “मग? शेवटी कशावरून ठरवलंस गं?”

“तू ठरवलंस ना.”

“मी? मी तर एक शब्द बोलले नाही.”

“रोज बॅग टाकताना ते स्टिकर समोर यायचं,” टेसा म्हणाली. आवाजात राग नव्हता, दिवसभर पळून आल्यासारखी बोलत होती. “एकदा नखाने खरवडून बघितलं. म्हटलं, आईला दिसेल, मग ती विचारेल. तू परत चिकटवलंस. दुसऱ्यांदा खरवडलं, तेही चिकटवलंस. वर पॉलिश लावून. मला वाटलं, हेच उत्तर.”

दुसऱ्यांच्या दातांवरचा कणभर डाग जिच्या नजरेतून सुटत नाही, तिला घरच्या पोरीची नखं दिसली नव्हती.

“टेसा, मला वाटलं ब्रशाने निघालं. देवाशप्पथ. आत्ता फोन कर त्यांना.”

“दुसरी मुलगी घेतली त्यांनी. आज सकाळी सही झाली.” मग तीच आईची समजूत घालायला लागली. “असू दे. कॉलेज काही वाईट नाही. तू केकची ऑर्डर दे.”

तिने जाकीट गळ्यापर्यंत ओढून घेतलं, मान खिडकीला टेकवली आणि डोळे मिटले. ग्रेचेनने सवयीने रेडिओ बारीक केला. पूल ओलांडला, घराचं वळण आलं, तरी टेसा हलली नाही. दहा वर्षांत आईला लेकीची झोप पाठ झाली होती. ही झोप नव्हती.