उंदरांची पाचवी

काट्यावर ठेवलेलं पिल्लू माझ्याकडच्या पिल्लांपेक्षा बरंच लहान भरलं. दुसरंही लहान. तिसरंही. सर माझ्याकडं न बघता स्नेहलकडं वळले. "पोरी, मोठं काहीतरी सापडलंय की तुला!"

ही पिल्लं पांढऱ्या उंदरांची, अजून न जन्मलेली. कोल्हापुरातल्या एका फार्मसी कॉलेजच्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये मी सोळा वर्षं काम करते. एका वनस्पतीचा अर्क गाभण माद्यांना दिला तर पोटातल्या पिल्लांना बाधतो का, ते आम्ही तपासत होतो. नुसतं पाणी दिलेल्या माद्या माझ्याकडं, अर्क दिलेल्या स्नेहलकडं. स्नेहल इचलकरंजीची. नोकरीला लागून जेमतेम तीन महिने झालेले.

आणि ती माझ्या डोळ्यांत खुपत होती. लपवत नाही. संध्याकाळी नर-मादी एका पिंजऱ्यात ठेवतात. सकाळी मादीच्या योनीतला थेंबभर स्राव काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायचा, याला स्मिअर म्हणतात. शुक्राणू दिसले की मादी गाभण धरायची. चांगला स्मिअर घ्यायला मला वर्ष लागलं होतं, तिला आठवडा लागला. "स्नेहलचा हात बघा," असं सर येता-जाता म्हणायचे, मला ऐकू येईल असं.

आता रिझल्टही तिचाच. अर्कानं पिल्लं खुरटतात असा पेपर निघणार, त्यावर पहिलं नाव तिचं. दुपारी डबा बाजूला सारला. मग मी तिचं रजिस्टर घेऊन बसले. विज्ञानाची काळजी वगैरे काही नव्हती. मला तिची चूक हवी होती.

ती सापडली. उंदराची मादी साधारण बावीस दिवसांत विते. आम्ही विसाव्या दिवशी पिल्लं काढून तपासतो. शुक्राणू दिसले तो दिवस शून्य धरायचा, ही आमची पद्धत. स्नेहलनं तो एक धरला होता. म्हणजे तिची पिल्लं माझ्या पिल्लांपेक्षा एका दिवसानं लहान होती. शेवटच्या दिवसांत पिल्लू इतकं झपाट्यानं वाढतं, की एका दिवसाचा फरक काट्यावर लगेच दिसतो. अर्क बिचारा फुकट बदनाम होत होता.

मला इतका आनंद झाला, की लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. स्नेहलला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. मी मुद्दाम ती सरांच्या केबिनमध्ये असतानाच आत गेले.

"सर, हिला दिवसच मोजता येत नाहीत."

सरांनी रजिस्टर दोनदा बघितलं. त्यांचा चेहरा पडला. "स्नेहल, काय हाय हे? एवढं पण म्हाईत न्हाय व्हय तुला?"

तिचे डोळे भरून आले, पण आवाज ठाम होता. "सर, मी इचारलं हुतं की. लिवून पण ठेवलंय." तिनं पर्समधून छोटी वही काढली. सरांनी मोठ्यानं वाचलं, "पहिला दिवस कुठला धरायचा? सुनंदा मॅडम म्हणाल्या, बाळाची पाचवी मोजतात तसं."

पाचवी पुजताना बाळ जन्मलं तो दिवस पहिला धरतात. हे आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

सुनंदा मॅडम म्हणजे मी. मला सगळं आठवलं. त्या सकाळी सरांनी नुकतंच तिचं कौतुक केलं होतं आणि मी रागारागानं काचा धूत होते. तिनं विचारलं, तेव्हा मी वळूनसुद्धा बघितलं नाही. शिकवायचं नव्हतंच, 'एवढंही कळत नाही का' असा टोमणा मारायचा होता. तिनं तो टोमणा इमानानं पाळला.

"सुनंदाबाई," सर एवढंच म्हणाले आणि वही मिटून तिच्या हातात दिली.

तेवढ्या माद्या वाया गेल्या. त्याचं मात्र मला खरंच वाईट वाटलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी लागणारी कमिटीची परवानगी नव्यानं घ्यावी लागली. दुसऱ्या खेपेला सरांनी दोन्ही गट स्नेहलकडं दिले आणि मला पिंजऱ्यांतला भुसा बदलायला ठेवलं. दोन्हीकडची पिल्लं सारखीच भरली. अर्क निर्दोष सुटला, मी नाही.

धडा म्हणाल तर, शुक्राणू दिसतात तो दिवस शून्य. नव्या माणसानं विचारलं तर एवढंच सांगावं, बाकीचं पोटात ठेवावं. स्नेहलचे स्मिअर आजही माझ्यापेक्षा चांगले येतात, आणि ते मला आजही आवडत नाही.