मोहाखालची झाडलोट

सकाळी जंगलातून चालले होते, तर झाडूचा आवाज आला. पुढे गेले. मैनाकाकी मोहाच्या झाडाखालचा पाचोळा लोटत होत्या, अंगण झाडावं तशा.

पूर्वी आमच्याकडे मोहफुलं वेचण्याआधी झाडाखालचा पाला पेटवून देत. मोकळ्या जमिनीवर फुलं चटकन दिसत. पण त्या आगीत मोहाची कोवळी रोपंही जळत. म्हातारी झाडं राहिली, त्यांच्यामागे लहान एकही दिसेना. तेव्हा आमच्या आणि नाल्यापलीकडच्या गावाने एकत्र बसून ठरवलं, आता आग लावायची नाही, झाडायचं.

“कंबर दुखत असेल ना, काकी?”

“दुखते तर! पण तू शिकली या फुलांवर. तुझ्या पोरांनी काय वेचावं?”

“आधी लग्न तर होऊ द्या!”

“होऊ दे निवांत. मोहालाही मोठं व्हायला लई वर्षं लागतात!”

मी हसले आणि वर मोहाच्या फांद्यांकडे पाहिलं. माझ्या घरातली पहिली पदवी या झाडांची फुलं विकून झाली. ही झाडं रुजली तेव्हा मी कुठे होते? आणि आज काकी ज्या उद्याच्या झाडांसाठी वाकल्या आहेत, त्यांची फुलं त्या स्वतः वेचणार नाहीत.

एवढ्यात काकी थबकल्या. पाचोळ्याखाली मोहाचं इवलंसं रोप होतं.

“अवो, आमच्याकडे मोह उगवला!” त्या नाल्यापलीकडे ओरडल्या.

“आमच्याकडे कधीचाच आहे!” पलीकडून एका बाईचा आवाज आला.

“खोटारडी!” काकी पुटपुटल्या आणि झाडू बाजूला ठेवून रोपाभोवतालची पानं हाताने उचलू लागल्या.